अकराचा पाना, बाराचा पाना

भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाने भिंतीवर ओळीने टांगलेले असतात. मागताना नुसता आकडा बोलायचा. ‘अकराचा दे’, ‘बाराचा दे’. तेच इंग्रजी मॅन्युअलमध्ये लिहायचं झालं की दहाच्या पान्याआधी ‘ए’, अकराच्या आधी ‘ॲन’ आणि बाराला पुन्हा ‘ए’. मग सतरापर्यंत ‘ए’ बिनघोर चालतो, अठराला ‘ॲन’, एकोणीसला परत ‘ए’. आठला ‘ॲन’, ऐंशीला आणि आठशेलाही ‘ॲन’. ११ केव्हीची लाइन असेल तर ‘ॲन’, २२ केव्हीची असेल तर ‘ए’. कागदावर सगळे नुसते आकडे. त्यांत स्वरही नाही आणि व्यंजनही नाही. पण वाचणारा मनातल्या मनात इलेव्हन, एटीन, एट म्हणतो आणि आधीचा शब्द त्या म्हणण्यावर ठरतो.

मी तांत्रिक लेखनात आले ती अशा मॅन्युअलांच्या वाटेने. पंप, स्टार्टर, कंट्रोल पॅनेल, जनरेटर. इंजिनिअर मंडळी मजकूर द्यायची, मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलेला. तो मी सरळ करायचे आणि छापलेली पुस्तिका यंत्राबरोबर लाकडी पेटीत बंद होऊन केनियाला नाहीतर दुबईला जायची. पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेले, भोसरीऐवजी बाणेरला जाऊ लागले. पेटी सुटली, छपाईही सुटली. ए-ॲनची कटकट मात्र बरोबर आली, आणि तिकडे तर ती चांगलीच फोफावली.

शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की ए-ई-आय-ओ-यू या पाच अक्षरांआधी ‘ॲन’, बाकी सगळ्यांना ‘ए’. मग ‘ॲन अवर’ आणि ‘ए युनिव्हर्सिटी’ हे दोन अपवाद म्हणून पाठ करून घेतात, कारण रिकाम्या जागा भरा या प्रश्नात हटकून तेच येतात. एवढ्या शिदोरीवर दहावी सुटते. वास्तविक ते अपवाद नाहीतच. स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर कुठलं, याच्याशी या प्रकरणाचा काही संबंध नाही. शब्द तोंडातून बाहेर पडताना स्वराने सुरू होतो की व्यंजनाने, एवढंच बघायचं.

आणि हे बघायला मराठी माणसाला खरं तर इंग्रजांपेक्षा सोपं जायला हवं. मी नव्या मुलांना सांगते, शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘ए’. अवर, ऑनेस्ट, एचटीटीपी, एमआरआय: सगळे स्वर. यूजर, युनिट, युनिक, युरोपियन: चौघांनाही ‘य’. वन-टाइम पासवर्डला ‘व’, म्हणून ‘ए’. पण त्याचाच ओटीपी केला की ‘ओ’, म्हणून ‘ॲन’. ऑयलर या गणितज्ञाचं स्पेलिंग ई-यूने सुरू होतं, युक्लिडचंही तसंच. पण ऑयलरच्या पद्धतीला ‘ॲन’ आणि युक्लिडच्या भूमितीला ‘ए’. हे इंग्रजीत बघून कळत नाही, देवनागरीत लिहिलं की समोर दिसतं. असं असूनही आपल्या इंजिनिअरांच्या लिखाणात मला सर्वांत जास्त काय सापडत असेल, तर ‘ॲन यूजर’ आणि ‘ॲन युनिक आयडी’. बोलताना हीच माणसं ‘यूजर’मधला ‘य’ ठणठणीत उच्चारतात. लिहायला बसली की मात्र शाळेतली ती पाच अक्षरं डोक्यात जागी होतात.

एका शब्दाने या युक्तीला दगा दिला आहे, तो म्हणजे वर्ष. आपण ‘इयर’ म्हणतो, ‘इयर’ लिहितो, म्हणून हात ‘ॲन इयर’ लिहून मोकळा होतो. इंग्रजाच्या तोंडी तिथे सुरुवातीला ‘य’ असतो, म्हणून त्याचा ‘ए’. कान आणि वर्ष हे दोन शब्द त्याला वेगळे ऐकू येतात, आपल्याला एकच. ‘ॲन इयर्स वॉरंटी’ असं लिहिलेली वॉरंटी कार्डं मी स्वतः दुरुस्त केली आहेत.

यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये शब्दांपेक्षा सुटी अक्षरं जास्त. यू-बोल्ट, ओ-रिंग, व्ही-बेल्ट, एल-ब्रॅकेट, टी-स्लॉट, आय-बीम, एम ८ चा बोल्ट. पीएलसी, एमसीबी, यूपीएस, एलईडी. इंग्रजी बाराखडीतल्या सव्वीस अक्षरांपैकी बारांची नावं स्वराने सुरू होतात: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. या बारांना ‘ॲन’, उरलेल्या चौदांना ‘ए’. शाळेच्या पाचांपैकी ‘यू’ या यादीत नाही आणि शाळेने व्यंजन म्हणून बाजूला काढलेली आठ अक्षरं आत आहेत. यूपीएस ‘ए’, एमसीबी ‘ॲन’. हे एकदा अंगवळणी पडलं की पुढे विचार करावा लागत नाही.

या एवढ्याशा शब्दावर कधी काही अडतं का, असं मला बरेचदा विचारतात. पॅनेलमधलं एक उदाहरण सांगते. कॉन्टॅक्टर नाहीतर रिलेला कॉन्टॅक्ट दोन जातींचे असतात. नॉर्मली ओपन म्हणजे एरवी सुटा, कॉइलला वीज मिळाली की जुळणारा. नॉर्मली क्लोज्ड म्हणजे एरवी जुळलेला, वीज मिळाली की सुटणारा. पॅनेलवाले त्यांना एनओ आणि एनसी म्हणतात. मोटर चालू केल्यावर स्टार्ट बटणावरचं बोट काढलं तरी ती चालू राहते, ती बटणाला समांतर जोडलेल्या एनओ कॉन्टॅक्टमुळे. त्या जोडणीला होल्ड-ऑन म्हणतात. इमर्जन्सी स्टॉप मात्र एनसीतून घेतात, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. आता रोमन लिपीत एन आणि ओ ही दोन मोठी अक्षरं शेजारी आली की त्यांचा ‘नो’ होतो, आणि ‘नो कॉन्टॅक्ट’ याचा सरळ अर्थ ‘संपर्क नको’. वायरमन वाकून, बॅटरीच्या उजेडात पुस्तिका वाचतोय आणि वाक्यात ‘ए’ पुढे ती दोन अक्षरं आहेत. तो ‘ए नो कॉन्टॅक्ट’ वाचणार आणि बुचकळ्यात पडणार. तिथे ‘ॲन’ असला की ‘नो’ वाचताच येत नाही, ‘ॲन नो’ असं इंग्रजी जिभेवर बसतच नाही. डोळा आपोआप थांबतो आणि एन-ओ अशी सुटी अक्षरं वाचतो. म्हणजे तो ‘ॲन’ पुढचा शब्द कसा वाचायचा ते आधीच सांगून ठेवतो. आमचे मेंटेनन्सचे फोरमन इंग्रजीच्या वाटेला फारसे जात नसत. पण त्यांनी एकदा प्रूफ चाळताना नेमका तिथेच पेन टेकवला. ‘मॅडम, हे नो आहे का एनओ? आमची पोरं नो वाचतील हो.’ व्याकरणातलं एक अक्षर ज्यांनी मला विचारलं नव्हतं त्यांनी माझं काम बिनचूक तपासलं होतं.

ते स्वतः मात्र बोल्टला ‘यम आठ’ म्हणायचे आणि ओ-रिंगला ‘वोरिंग’. आपल्याकडे सुरुवातीच्या ‘ए’ला ‘य’ चिकटतो आणि ‘ओ’ला ‘व’. ‘एक’चा ‘येक’ होतो तसा ‘एल’चा ‘यल’. त्यांच्या उच्चाराने जायचं तर या दोन्हींना ‘ए’ लावायला हवा. उच्चारावर ठरतं म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, कुणाच्या? भोसरीत मला त्याचा फार विचार करावा लागला नाही, पुस्तिका परदेशी जाणार होती. बाणेरला आल्यावर तो प्रश्न रोज दारात उभा राहू लागला.

आमच्या टीममध्ये केरळचा एक जण होता. त्याच्या लिखाणात सगळीकडे ‘ए एचटीएमएल फाइल’, ‘ए एचटीटीपी रिक्वेस्ट’. बाकी इंग्रजी माझ्यापेक्षा सरस. मी विचारलं तर म्हणाला, ‘आमच्याकडे सगळे हेचच म्हणतात. ज्या अक्षराचं काम ह, त्याच्या नावातला ह तुम्ही लोक खाऊन टाकता.’ मुद्दा बिनतोड होता. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी हेच चालतं, आयर्लंडमध्येही चालतं. त्याच्या तोंडाप्रमाणे त्याचा ‘ए’ शंभर टक्के बरोबर. तरीही आम्ही त्याचे सगळे ‘ए’ बदलले, कारण वेबच्या मानकांत ‘ॲन एचटीटीपी’ लिहितात आणि आमचे वाचक ती मानकं वाचून आलेले असतात. बदलताना त्याने एवढंच बजावलं की शैलीपुस्तिकेत याला ‘चूक’ म्हणायचं नाही, ‘आमची निवड’ म्हणायचं. तसंच लिहिलं.

एचटीएमएलवरून आठवलं. त्या भाषेत एका टॅगचं नावच ‘ए’ आहे, दुव्याचा टॅग. मानकाच्या मजकुरात त्याचा उल्लेख ‘ॲन ए एलिमेंट’ असा येतो. ‘ए पी एलिमेंट’, ‘ॲन एच१ एलिमेंट’, ‘ए यूएल’, ‘ॲन एलआय’. हे पान मोठ्याने वाचलं तर बालवाडीत गेल्यासारखं वाटतं, पण सगळं चोख.

खरी लढाई झाली ती एसक्यूएलवर. डेटाबेसशी बोलायची ही भाषा. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ती मांडली तेव्हा तिचं नाव सीक्वल होतं, स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज. पुढे कळलं की हे नाव हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क आहे, तेव्हा मधले स्वर काढून एसक्यूएल केलं. नाव बदललं तरी जुन्या लोकांच्या तोंडचा सीक्वल गेला नाही. मग नव्यांनी तो जुन्यांकडून उचलला. सीक्वल म्हटलं तर ‘ए’, एस-क्यू-एल म्हटलं तर ‘ॲन’. ओरॅकलची कागदपत्रं ‘ए’ लावतात. आयएसओचं मानक ‘ॲन’ लावतं, पोस्टग्रेसचे दस्तऐवजही ‘ॲन’. मायएसक्यूएलच्या नावाला हा प्रश्न नाही, सुरुवातीला ‘माय’ असल्यामुळे ‘ए’ पक्का. तरी त्यांच्या मॅन्युअलमध्ये खास सांगितलं आहे की अधिकृत उच्चार माय-एस-क्यू-एल, पण तुम्ही माय-सीक्वल म्हणालात तर आमची हरकत नाही.

आमच्याकडे दोन टीम एकत्र झाल्या आणि दोन मॅन्युअलांचं एक करायचं ठरलं. एका मॅन्युअलचे लेखक ओरॅकलचे क्लास करून आलेले, ते सीक्वलवाले. दुसरीकडचे मायएसक्यूएलवर वाढलेले, ते अक्षरं सुटी म्हणणारे. एका पानावर ‘ए’, पुढच्या पानावर ‘ॲन’, आणि प्रत्येकाला समोरचा अडाणी वाटतोय. मेलवर मेल. कुणी शैलीपुस्तिकांचे दाखले देतंय, कुणी मानकाचा परिच्छेद चिकटवतंय. शेवटी आमच्या मुख्य संपादक बाई सपोर्टवाल्यांच्या मजल्यावर गेल्या. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन घेणारी ती मुलं. त्यांना विचारलं, ‘लोक फोनवर काय म्हणतात रे?’ मुलं म्हणाली, ‘सीक्वल. क्वचित कुणी एस-क्यू-एल म्हणतं, तो बहुतेक नवा असतो.’ बाई परत आल्या आणि ‘ए’ लावून टाकला. मला तो निर्णय तेव्हाही पटला आणि आजही पटतो. वाचताना माणसाच्या मनात जो आवाज चालू असतो त्याला ठेच लागू नये, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मानकाचा आधार घेऊन ‘ॲन’ लावला असता तर कुणी चूक काढली नसती, पण आमचं गिऱ्हाईक प्रत्येक पानावर अडखळलं असतं.

आता कुणी म्हणेल, मग एसएपीला काय करता? जर्मनीतली १९७२ सालची ही कंपनी आपलं नाव एस-ए-पी असं सुटं म्हणते आणि तिच्या कागदपत्रांत ‘ॲन एसएपी सिस्टिम’ असतं. पुण्यात सगळे ‘सॅप’ म्हणतात. मुलगी बघायला आलेल्या मुलाची ओळखही ‘सॅपमध्ये आहे’ अशीच करून देतात. सपोर्टच्या मजल्यावर विचारलं असतं तर तिथेही सॅपच ऐकलं असतं. तरी तिथे आम्ही ‘ॲन’ लावतो, कारण नाव त्यांचं आहे आणि आपलं नाव कसं घ्यायचं ते सांगायचा हक्क ज्याचा त्याचा. हे एसक्यूएलच्या न्यायाशी जुळत नाही, मला मान्य आहे. एसक्यूएलला मालक नाही, एसएपीला आहे, एवढाच माझा युक्तिवाद. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच. आमची मुलं त्याला ‘युबंटू’ म्हणतात आणि ‘ए’ लावतात; बनवणारे ‘ऊबून्टू’ म्हणतात, म्हणून ‘ॲन’.

‘ए’ हा शब्द मुळात ‘ॲन’च. जुन्या इंग्रजीत एक या अर्थाचा जो शब्द होता त्याचं हे झिजलेलं रूप. व्यंजनाआधी त्याचा ‘न’ गळून पडला आणि ‘ए’ उरला. हा ‘न’ पुढच्या शब्दावर उडी मारतो किंवा पुढच्याचा ओढून घेतो, अशीही गंमत झालेली आहे. क्रिकेटमधला अंपायर आधी ‘नंपायर’च्या जवळचा शब्द होता, एप्रन ‘नेप्रन’ होता. ‘ए नेप्रन’ बोलता बोलता ‘ॲन एप्रन’ झालं आणि तसंच लिहिलं जाऊ लागलं. आपल्या नारंगाचा ‘न’ही युरोपात असाच कुठेतरी गळाला, पण तो इंग्रजीत यायच्या आधी, फ्रेंच-इटालियनकडे. इंग्रजीत संत्रं पोचलं ते ऑरेंज होऊनच. ज्यांच्या पूर्वजांना ऐकून नीट तोडता आलं नाही, त्यांच्याच भाषेत आम्ही आता दिवसभर बसून तोडतोय.

एससीएसआय नावाचा जोडणीचा एक प्रकार होता, जुने सर्व्हर हाताळलेल्यांना आठवेल. त्याला ‘स्कझी’ म्हणत. स्कझी म्हणून ‘ए’. कुणी ‘ॲन’ लिहिलं की समजायचं, या माणसाने हे वाचलंय, ऐकलेलं नाही. ज्या खोलीत लोक त्याबद्दल बोलतात तिथे तो बसलेला नाही. लेखकाची पारख करायला मला हे नेहमी उपयोगी पडलं आहे, थोडं निर्दय असलं तरी.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक संकट असतं जे भोसरीत नव्हतं. पुढचा शब्द कुठला येणार हेच लिहिताना माहीत नसतं. मोठ्या मॅन्युअलांत उत्पादनाचं नाव प्रत्येक वाक्यात टाइप करत नाहीत. ते एका जागी ठेवतात आणि बाकी सगळीकडे त्याची खूण टाकतात. पुस्तक तयार होताना खुणेच्या जागी नाव येऊन बसतं. नाव बदललं तर एका जागी बदलायचं. फार सोयीचं, असं सगळे म्हणायचे. मग एक दिवस कंपनी विकली गेली. जुनं नाव ‘ब’ने सुरू होणारं, नवीन ‘ऑ’ने. नाव बदललं, बटण दाबलं, पुस्तक तयार झालं, आणि प्रत्येक प्रकरणात जुना ‘ए’ नव्या ‘ऑ’समोर आ वासून उभा. खूण बदलली होती, तिच्या आधीचा ‘ए’ तर आम्ही हाताने टाइप केलेला होता.

नुसतं शोधून ‘ॲन’ करता आलं असतं. पण आमच्यातला एक अनुभवी लेखक म्हणाला, ‘पुन्हा विकली तर?’ मग आम्ही वाक्यंच फिरवायला घेतली. ‘क्रिएट ए अमुक अकाउंट’ असं होतं तिथे ‘क्रिएट ॲन अकाउंट इन अमुक’ केलं. आता ‘ॲन’ हा अकाउंटचा झाला, आणि अकाउंट काही नाव बदलणार नाही. काही ठिकाणी अनेकवचन केलं, काही ठिकाणी ‘द’ बसला. काही वाक्यं मात्र कशीच वळेनात, ती नव्याने लिहिली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती पहिल्यापेक्षा बरी झाली. तेव्हापासून शैलीपुस्तिकेत ओळ आहे की खुणेच्या लगेच आधी ‘ए’ किंवा ‘ॲन’ येता कामा नये.

पडद्यावरच्या संदेशांत हाच रोग. ‘तुम्ही एक अमुक निवडला आहे’ यातला अमुक कोण ते प्रोग्रॅम चालू असतानाच ठरतं. प्रोग्रॅमर लोक मग ‘ए’च्या पुढे कंसात ‘एन’ लिहून मोकळे होतात, सरकारी फॉर्मवरच्या ‘श्री./श्रीमती’सारखं, नको ते तुम्हीच खोडा. काहीजण त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहितात. नेटहॅक नावाचा १९८७ पासूनचा एक जुना खेळ आहे, त्यात गुहेत सापडलेल्या वस्तूंची नावं पडद्यावर येतात. त्याच्या कोडमध्ये ‘ॲन’ नावाचं एक फंक्शन आहे: पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’ लाव, मात्र युनिकॉर्न, युरेनियम, युकॅलिप्टस, यूजफुल आणि ‘वन’ने सुरू होणारे शब्द वगळ. कारण त्या गुहेत युनिकॉर्नचं शिंग, युरेनियमची कांडी आणि युकॅलिप्टसचं पान सापडतं. गुहेपुरतं ते पुरेसं आहे. आमच्या गुहेत गिऱ्हाईक फाइलला हवं ते नाव देतं, त्यामुळे आम्ही ‘निवडलेली वस्तू:’ असं लिहून कोलन टाकतो आणि पुढे नाव येऊ देतो.

हाच संदेश मराठीत न्यायची वेळ आली तेव्हा एका इंग्रज इंजिनिअरला वाटलं, मराठीत ए-ॲन नाही म्हणजे प्रश्न मिटला. त्याला सांगितलं, बाबा रे, आमच्याकडे फाइल उघडली, फोल्डर उघडला आणि पान उघडलं. रिकाम्या जागेत काय येणार हे कळल्याशिवाय आम्हाला क्रियापदही पुरं करता येत नाही. कोलन मराठीतही राहिला.

ए की ॲन हे कानाने सुटतं. ए की द, हे अवघड, कारण मराठीत तसं काही नाहीच आणि कान मदत करत नाही. तिथे मी वायरमनला मध्ये उभा करते. ‘स्क्रू काढा’ म्हटल्यावर त्याने ‘कुठला?’ विचारलं, आणि उत्तर ‘कुठलाही चालेल’ असेल तर ‘ए’. बोट दाखवून ‘हा’ म्हणावं लागणार असेल तर ‘द’. दोन्ही गाळून टाकायची मात्र आपल्या इंजिनिअरांना भारी हौस, तारेच्या भाषेसारखं आटोपशीर वाटतं त्यांना. ‘ओपन व्हॉल्व्ह’ एवढंच लिहिलं तर व्हॉल्व्ह उघडायचा आहे, की उघड्या व्हॉल्व्हबद्दल काही सांगायचं आहे? विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी सोप्या तांत्रिक इंग्रजीचं जे मानक आहे, एएसडी-एसटीई १००, त्याची सुरुवात १९८० च्या दशकात झाली, आणि त्यात नामाआधीचा हा छोटा शब्द गाळू नका असा वेगळा नियमच आहे. पेटंटवाले तर याच्यावर कोर्टात भांडतात. दाव्यात वस्तू पहिल्यांदा आली की ‘ए’, त्यानंतर प्रत्येक वेळी ‘द’ किंवा ‘सेड’. आणि तो पहिला ‘ए’ म्हणजे नक्की एकच का, यावर अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने २००० आणि २००८ मध्ये सांगितलं आहे की दाव्याची रचना मोकळी असेल तर ‘ए’ म्हणजे सहसा ‘एक किंवा अधिक’. वकिलाने एका अक्षरात एवढं भरून ठेवलेलं असतं हे बघून मला आमचा पगार कमी वाटू लागला.

हल्ली तपासायला प्रोग्रॅम असतात. लँग्वेजटूलसारख्या साधनात ‘ए’ घेणाऱ्या आणि ‘ॲन’ घेणाऱ्या अवघड शब्दांच्या दोन वेगळ्या याद्याच ठेवलेल्या आहेत. ‘ॲन यूजर’ ते लगेच पकडतं, त्यामुळे माझं बरंच रक्त आटायचं वाचलं. पण आमची स्वतःची यादी आम्ही ठेवलीच आहे. तिच्यात प्रत्येक लघुरूपापुढे एक रकाना आहे, त्यात ते कसं म्हणायचं ते देवनागरीत लिहिलेलं असतं. बॉस्टनला बसून आमची पुस्तकं तपासणाऱ्या संपादिकेला सुरुवातीला वाटलं की मराठी भाषांतर चुकून तिच्याकडे आलं. आता तीच नवीन नाव आलं की विचारते, तुमच्या त्या रकान्यात काय लिहिलंय?

परवा मार्केटिंगकडून एका नव्या सर्व्हरचं नाव आलं. सुरुवातीला मोठा एक्स, पुढे लगेच व्यंजन. एक्स सुटा म्हणायचा तर ‘ॲन’. झेरॉक्ससारखा ‘झ’ करायचा तर ‘ए’. मी मेल करून विचारलं, हे म्हणायचं कसं? उत्तरादाखल एक देखणी पुस्तिका आली. तिच्यात नावाचा रंग कुठला, नावाभोवती मोकळी जागा किती सोडायची, लहानात लहान कितपत छापायचं, सगळं होतं. उच्चाराचं काही नव्हतं. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्यातच दोन तट आहेत. पुढच्या आठवड्यात रिलीज आहे. तोवर त्या नावाआधी ‘द’ लावतोय, आणि जिथे ‘द’ बसत नाही तिथे सर्व्हरचं अनेकवचन करतोय.